यक्ष चालेल, पण नाणेघाटात बर्फ?

पत्र:

ताई, माझं लहानपण जुन्नरजवळच्या गावात गेलं, आता नोकरीमुळे लांब असते. फँटसी वाचायचं वेड शाळेपासूनचं, पण आजवर जे वाचलं ते सगळं दुसऱ्यांच्या देशातलं, जंगलं त्यांची, किल्ले त्यांचे, राक्षससुद्धा त्यांचेच. मागच्या महिन्यात एक कादंबरी हातात पडली, तीन भागांतला पहिला भाग, सातवाहनांच्या काळातली आणि चक्क नाणेघाटातली! घाटावरच्या दगडी रांजणात एक यक्ष राहतो आणि जकातीची नाणी खातो, राणी नागनिका लेण्यातला लेख मोठ्याने वाचून पाऊस बोलावते, असं सगळं. आपला डोंगर पुस्तकात बघून मला रडूच आलं. पण मग खटकायला लागलं. नाणेघाटात बर्फ पडतो म्हणे. घोडे चौखूर उधळत घाट चढतात. राणीच्या मुदपाकखान्यात लाल मिरच्या वाळत घातल्यात. एकदा खटकलं की मजाच गेली, आता प्रत्येक पानाला मी मोबाईल घेऊन हे खरं का ते खरं का करत बसते. त्यात घरच्या एका कार्यक्रमात मी बोलून गेले की नागनिकेने घाटात स्वतः तलवार चालवली होती. काकांनी विचारलं कुठे वाचलंस, मी म्हटलं कादंबरीत, आणि त्यांनी सगळ्यांसमोर झापलं, असल्या पुस्तकांनीच इतिहासाची वाट लागते, उद्या हे लोक महाराजांच्या गोष्टीतही जादू घालतील, तू वाचू नकोस आणि पोराच्या हातात तर मुळीच देऊ नकोस. पोर म्हणजे माझा भाचा, बारा वर्षांचा, त्याने पुस्तक मागितलंय. मला पुस्तक आवडलं याचंही वाईट वाटतंय आणि मी उगाच किस काढतेय का असंही वाटतंय. वाचू का सोडू?
– जुन्नरकडची एक

उत्तर:

अगं वाच. सोडू बिडू नकोस. आणि किस काढतेस तोही बिनधास्त काढ, फक्त तो नेमका कशाचा काढायचा हे ठरवूया, कारण तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय आणि काकांच्या बोलण्यात तर तीन-चार गोष्टी एकत्र आल्यात.

आधी रडू आलं त्याबद्दल. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे डोंगर आपण मनातल्या मनात चढलो, न बघितलेल्या झाडांची नावं पाठ केली, आणि मग अचानक एका पानावर जीवधन किल्ला येतो, त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका येतो, नानाचा अंगठा येतो, आणि कळतं की अरे, हीसुद्धा तेवढीच मोठी गोष्ट घडू शकेल अशी जागा आहे, मी तर इथे शाळेच्या सहलीला आले होते. हा आनंद खरा आहे आणि तो घ्यायचाच. फक्त एक सांभाळ, आपल्याकडचं आहे एवढ्यावर पुस्तकाला पास करू नकोस. उलट आपल्याकडचं आहे म्हणून जास्त कडक वाच, कारण इथे तुला जे माहितेय ते दुसऱ्या कुठल्या वाचकाला माहीत नाही, कदाचित लेखकालाही नाही.

आता काकांचा मुख्य मुद्दा, इतिहासात जादू घालणं म्हणजे इतिहासाची वाट लावणं. काकांना सांग (भांडू नकोस, गोष्ट सांगितल्यासारखं सांग) की हा उद्योग आजच्या लेखकांनी सुरू केलेला नाही. पैठणचा शालिवाहन, म्हणजे लोककथेतला सातवाहन राजा, कोण? कुंभाराच्या घरी वाढलेला, मातीचे शिपाई, मातीचे घोडे, मातीचे हत्ती करून खेळणारा पोरगा, आणि विक्रमादित्याची फौज चालून आली तेव्हा त्याने त्या मातीच्या सैन्यात प्राण फुंकले. ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते आणि आपण आजही शालिवाहन शकातली वर्षं मोजतो, इसवी सनातून ७८ वजा करून, पंचांगात, लग्नपत्रिकेत. म्हणजे खरी राजधानी, खरं राजघराणं, खरी कालगणना आणि मधे जिवंत होणारं मातीचं सैन्य. याला ऐतिहासिक फँटसी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

दुसरी गोष्ट तर मला याहून प्रिय आहे. गुणाढ्य, सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित. तो पैज हरतो, ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडतो, विंध्याच्या जंगलात जातो, तिथे पिशाचांची भाषा शिकतो आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ती नाकारतो. मग हा माणूस टेकडीवर आग पेटवतो, एकेक पान वाचतो आणि जाळतो, आणि आजूबाजूचे सगळे पशुपक्षी चरायचं सोडून डोळ्यात पाणी आणून ऐकत उभे राहतात. राजाला पश्चात्ताप होऊन तो पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळालेले असतात, एक लाख उरतात, ती बृहत्कथा. मूळ ग्रंथ आज कुठेच नाही, पण ही हकीकत अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात लिहून ठेवली. सातवाहनांच्या नावाशी जादू जोडायची परंपराच मुळात इतकी जुनी आहे. तुझा लेखक त्या रांगेत मागे येऊन उभा राहिलाय, बस.

आणि यक्षाचं म्हणशील तर तो परका मुळीच नाही. कन्नड-चाळीसगाव भागात पितळखोऱ्याची लेणी आहेत, तिथे सापडलेला एक यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर दोन्ही हातांनी वाडगं धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर लेख कोरलाय की हा कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला. म्हणजे बघ, दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या या पट्ट्यात एका सोनाराने दगडातून यक्ष काढला आणि खाली, म्हणजे हातावर, सही केली. त्या लोकांच्या जगात यक्ष होता, डोंगरात होता, पाण्यात होता, धनावर बसलेला होता. त्यामुळे त्या काळच्या कादंबरीत यक्ष नसता तरच मला चुकल्यासारखं वाटलं असतं.

अजून एक, आणि हे तू स्वतः जाऊन बघ. नाणेघाटाच्या लेण्यात भिंतीवर जो मोठा ब्राह्मी लेख आहे, त्याची सुरुवात देवांना नमस्काराने होते, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि मग चार लोकपाल, यम, वरुण, कुबेर, वासव. कुबेर म्हणजे यक्षांचा राजा आणि धनाचा मालक, वरुण आणि वासव म्हणजे पाण्या-पावसाचे देव. आता तुझी कादंबरी आठव. नाणी खाणारा यक्ष, आणि लेख वाचला की येणारा पाऊस. लेखकाने हे हवेतून आणलेलं नाही गं, त्याने तो लेख वाचलाय, किंवा निदान वाचलेल्या कुणाकडून नीट समजून घेतलाय. घाटमाथ्यावरच्या त्या दगडी रांजणाला जकातीचा रांजण म्हणतातच सगळे, त्यात जकात खाणारा यक्ष बसवणं ही मला तरी फार देखणी कल्पना वाटली.

मग बर्फ का खटकतो? खटकायलाच हवा. तू जे किस काढणं म्हणतेस ते इथे अगदी बरोबर आहे. यक्ष खोटा आहे हे लेखकालाही माहितेय, तुलाही माहितेय, तो दोघांनी मिळून मान्य केलेला खोटेपणा आहे. बर्फ मात्र लेखकाला खोटा आहे हेच माहीत नाही किंवा माहीत असून त्याला फरक पडत नाही. तो बर्फ सह्याद्रीतला नाहीच, तो त्याने वाचलेल्या दुसऱ्या फँटसी पुस्तकांतून उडत आलाय, कारण त्या पुस्तकांत संकट आलं की थंडी पडते आणि पांढरं पांढरं होतं. आपल्याकडे संकट आलं की पाऊस जातो, विहिरी तळ गाठतात, किंवा उलट आठ-आठ दिवस धुकं उठत नाही आणि दरड येते. भीती वाटायला आपल्याला बर्फ कशाला लागतो?

मला खरा राग कशाचा येतो सांगू, त्या डोंगराकडे स्वतःची जादू आहे आणि ती पुस्तकात नाही. तू पावसाळ्यात नाणेघाटात गेली असशीलच. कोकणाकडून येणारा वारा त्या सरळसोट कड्यावर आपटतो आणि वर चढतो, इतक्या जोरात की कड्यावरून खाली पडणारं पाणी अर्ध्यातून उलटं फिरतं आणि परत माथ्यावर येऊन आपल्याच अंगावर पडतं. रेनकोट खालून भिजतो. उलटा धबधबा म्हणतात त्याला, लोक लांबून बघायला येतात. आता मला सांग, ज्या कादंबरीत राणी पावसाला बोलावते, त्या कादंबरीत खालून वर जाणारं पाणी नाही आणि बर्फ आहे! लेखक जुलैत तिथे एक दिवस उभा राहिला असता तर त्याला अख्खं प्रकरण फुकटात मिळालं असतं. मी काही त्याला नावं ठेवत नाहीये, लेख वाचायची मेहनत त्याने घेतलीच आहे, पण पाय भिजवायची राहिली.

घोड्यांचं पण तसंच. घाटाची ती दगड बसवलेली चढण, पायऱ्या झिजलेल्या, एका बाजूला कडा, तिथून चौखूर उधळणं म्हणजे घोडा आणि स्वार दोघेही खाली वैशाखऱ्यात. ती माल वाहायची वाट होती, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून वर जुन्नरला आणि पुढे पैठण-तेरकडे जाणारी. लादलेली जनावरं, हमाल, व्यापारी, दमलेले लोक, वर पाण्याची कोरलेली टाकी. वेग तिथे नव्हताच, घाम होता. मिरचीचं फार मनावर घेऊ नकोस, ती पोर्तुगीजांबरोबर आली, सातवाहनांनंतर कितीतरी शतकांनी, पण ही चूक एका वाक्यात दुरुस्त होते, मिरचीच्या जागी मिरी लिहिली की झालं. अशा चुकीवर हसावं आणि पान उलटावं.

पण एका गोष्टीवर पान उलटू नकोस. बर्फाहून मोठी चूक पुस्तकात असू शकते आणि ती पटकन दिसत नाही, ती म्हणजे माणसं गायब असणं. तू लिहिलंस त्यावरून पुस्तकात राणी आहे, यक्ष आहे, सेनापती असेलच, पुरोहित असेलच. बाकीचे कुठेत? तुझ्या जुन्नरच्या आसपास, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरीच्या पोटात, दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत आणि तिथले लेख काय सांगतात माहितेय? धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणं आणि टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी, त्यांच्याकडे लोक ठेव ठेवायचे. कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं खोदवलं. आणि ईरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली, यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला कुणीतरी, तो कुठून निघाला, जुन्नरात का राहिला, त्याला इथे पाणी दान करावंसं का वाटलं, काही म्हणजे काही कळत नाही, फक्त नाव आणि दोन टाकी. सगळी कादंबरीच आहे की ती! दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरमधे बुरूड होते, कासार होते, परदेशी होते, त्यांनी स्वतःची नावं दगडात कोरून घेतली, आणि आजच्या पुस्तकात जर फक्त राजघराणं आणि जादू उरली असेल तर ते मला जास्त लागतं. कारण बर्फ वाचून कुणी नाणेघाटात स्वेटर घेऊन जाणार नाही, पण आपला भूतकाळ म्हणजे फक्त राजे-राण्या असं मात्र पोरं नक्की समजून बसतील.

तू वाचताना हे बघ. जकात गोळा करणारा माणूस कुठे राहतो? टाकं कोण खोदतंय? राणी जो लेख वाचते तो दगडात कुणी कोरला? पुस्तकात याची उत्तरं असतील, अगदी एका ओळीत असली तरी, तर लेखक चांगला आहे, बर्फ माफ.

आता नागनिकेची तलवार. काकांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे खरं, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता आणि त्यावर उपाय फार सोपा आहे, बोलताना 'कादंबरीत असं आहे' एवढं आधी म्हणायचं. तेवढ्याने कादंबरी लहान होत नाही आणि इतिहासालाही धक्का लागत नाही. पण मला त्या तलवारीबद्दलच थोडं बोलायचंय. नागनिकेला मोठं करायला लेखकाला तलवार द्यावी लागली, याचं वाईट वाटतं. कारण लेखात जे आहे ते काय कमी आहे का? राजा सातकर्णीची राणी, मुलं लहान असताना तिने कारभार पाहिला असं अनेक अभ्यासक मानतात, आणि घाटाच्या अगदी तोंडाशी, जिथून प्रत्येक व्यापारी जाणार अशा जागी, घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेलं दान आकड्यांसकट कोरलेलं आहे. अश्वमेध, राजसूय, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनात त्या लेखाचा हिशेब होतो. शेजारी घराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या, सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका, राजकुमार, डोक्यावर प्रत्येकाचं नाव. मूर्ती आता गेल्यात, पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात आणि वर नावं शाबूत. पुन्हा गेलीस की तिथे नुसती थांब थोडा वेळ. पाय आहेत, नाव आहे, माणूस नाही. कुठल्याही लिहिणाऱ्याला तिथे गोष्ट रचावीशी वाटणारच आणि ती त्याने रचावीच. फक्त हिशेब मांडणाऱ्या राणीला बाजूला सारून तलवारवाली राणी आणली की हरवतं काहीतरी, एवढंच माझं म्हणणं.

जोगळटेंभीच्या नाण्यांबद्दल ऐकलंयस का? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात तेरा हजारांच्या वर चांदीची नाणी एकत्र सापडली, क्षत्रप नहपानाची. गौतमीपुत्र सातकर्णीने (हा नागनिकेच्या नवऱ्याच्या बराच नंतरचा सातवाहन राजा) नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली चिन्हं ठोकून घेतली, त्या साठ्यातली बहुतेक नाणी अशी दोनदा ठोकलेली आहेत. असं एखादं नाणं जवळून बघितलं तर वर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर दिसतो आणि त्याच्या कडेने खालच्या नहपानाचं नाक, कपाळ, ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावत असतात. ऐतिहासिक फँटसी मला अशीच आवडते. नवा ठसा जोरात हवा, पण खालचा चेहरा वाचता यायला हवा. तुझ्या पुस्तकात रांजण, लेख, यक्ष इथे खालचा चेहरा दिसतोय, बर्फ आणि तलवारीपाशी पुसला गेलाय. म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे सगळं चांगलं किंवा सगळं वाईट असा निकाल द्यायची काही गरज नाही.

महाराजांचं जे काका म्हणाले ते मी हलकं घेत नाही. सातवाहनांच्या बाबतीत मोकळी जागा प्रचंड आहे, राजे किती झाले आणि किती वर्षं राज्य केलं यावर पुराणांच्या याद्यासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत, काही राजांची तर फक्त नाणी उरलीत. तिथे कल्पनेला वाव आहे आणि कुणाचं वाकडं होत नाही. शिवकाळाचं तसं नाही. पत्रं आहेत, मोडी कागद आहेत, परकीय वखारींच्या नोंदी आहेत, आणि त्या माणसाबद्दलचं प्रेम आजही लोकांच्या रोजच्या जगण्यात आहे. तरी जादू तिथेही नव्यानेच येईल असं नाही, बखरींमधे देवीचे दृष्टांत आहेत, भवानी तलवारीच्या कथा आहेत, त्या आपण लहानपणी ऐकल्यात आणि त्यामुळे कुणाचा इतिहास बिघडला नाही. माझं मत विचारशील तर जिथे कागद जास्त तिथे लेखकाची जबाबदारी जास्त, आणि ज्याने तिथे काही बदललं त्याने पुस्तकाच्या शेवटी स्वच्छ सांगावं की हे मी बदललं. मनाई मात्र मला पटत नाही. काकांना भीती वाटते ती प्रेमापोटी वाटते हे लक्षात ठेव, आणि त्यांच्याशी पुढच्या वेळी बोलशील तेव्हा शालिवाहनाच्या मातीच्या घोड्यांपासून सुरू कर, बघ किती खुलतील ते.

आता मोबाईलचं. हे मात्र बंद कर. वाचताना शोधायचं नाही, नाहीतर गोष्ट अंगात भिनतच नाही आणि मग आवडलं का खटकलं हेसुद्धा कळत नाही. पेन्सिल ठेव, जिथे शंका येईल तिथे समासात एक टिंब दे आणि पुढे चल. पुस्तक संपलं की लेखकाचं मनोगत वाच (बरेच जण ते सोडून देतात, ते सोडू नकोस), आणि मग टिंबांकडे ये. तेव्हाही सगळी टिंबं सोडवायला बसू नकोस, जी अजून डोक्यात राहिलीत तेवढीच घे. आणि शोधताना पहिल्या सापडलेल्या फॉरवर्डवर थांबू नकोस, सातवाहनांबद्दल तर असली-तसली मजबूत माहिती फिरत असते. वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचा इतिहास त्यांच्या कोरीव लेखांसकट मराठीत मांडून ठेवलाय, नाणेघाटाचा लेख तिथे मिळेल. आणि त्या काळातली साधी माणसं कशी बोलायची, प्रेम कसं करायची, भांडायची कशी हे हवं असेल तर हाल या सातवाहन राजाच्या नावाने आलेली गाथासप्तशती, म्हणजे प्राकृत गाथांचा संग्रह, वाच, स. आ. जोगळेकरांचं मराठी भाषांतर आहे. नांगर धरणारा शेतकरी, गावचा पाटील, गोदाकाठची पोरगी, वाटसरूकडे बघत पाणी हळूहळू ओतणारी बाई, सगळं आहे त्यात. चार-दोन गाथा वाचून मग कादंबरीच्या दुसऱ्या भागाकडे गेलीस तर राणीच्या दासीचे संवाद खरे वाटतात का खोटे हे तुला न शोधता आपोआप कळायला लागेल.

लेखकाला पण लिही. खरंच लिही. रागाने नको, आधी रांजणातला यक्ष किती आवडला ते सांग, मग बर्फाचं सांग आणि उलट्या धबधब्याचा स्वतः काढलेला व्हिडिओ असेल तर तो पाठव. तीन भाग आहेत ना, दोन यायचेत अजून, त्याला उपयोग होईल. अशा पुस्तकांना तिथलीच वाचक मिळणं ही फार मोठी गोष्ट असते, आणि बहुतेक वेळा ती वाचक खटकलं म्हणून गप्प बसते किंवा अभिमान वाटला म्हणून गप्प बसते.

भाच्याला पुस्तक दे. बारा वर्षांच्या मुलाला यक्ष खरा नाही हे कळतं, आपण समजतो त्याहून खूप आधी कळतं. देताना मधे मधे हे खोटं, ते खोटं, असं करू नकोस, त्याला आधी संपवू दे आणि एक आठवडा त्यात राहू दे. मग त्याला विचार, तुला काय वाटतं, यातलं काय खरंच होतं आणि काय लेखकाने केलं? तो रांजणाला खोटं म्हणेल बहुतेक, आणि तलवारीला खरं. तेव्हा काहीच सांगू नकोस, पावसाळ्यात त्याला घाटावर घेऊन जा, काकांनाही ने. पाऊस जोरात असेल तर लेण्यात आधी जा, कारण दुपारी सहलीवाल्यांची गर्दी झाली की भिंतीजवळ उभं राहायलाही जागा मिळत नाही, आणि पायाखाली शेवाळ असतं, काकांना काठी घ्यायला सांग.